व्यायाम आणि दीर्घकालीन आरोग्य

नियमित व्यायामाचा माणसाच्या दीर्घकालीन आरोग्यावर आणि आयुर्मानावर काय परिणाम होतो, हा साथरोगशास्त्र, क्रीडावैद्यक आणि सार्वजनिक आरोग्य या शाखांमधील एक महत्त्वाचा अभ्यासविषय आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून झालेल्या बहुतेक सर्व मोठ्या पाहण्यांत, नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृदयविकार, पक्षाघात, टाइप २ मधुमेह, काही प्रकारचे कर्करोग आणि अकाली मृत्यू यांचे प्रमाण कमी आढळले आहे. मात्र या फरकाचा किती भाग प्रत्यक्ष व्यायामामुळे आहे आणि किती भाग मुळात निरोगी असलेली माणसेच व्यायाम करू शकतात या कारणामुळे आहे, हा प्रश्न आरंभापासून वादाचा राहिला आहे. मधुमेहासारख्या आजाराबाबत त्याचे उत्तर प्रयोगांनी बरेचसे दिलेले आहे. आयुर्मानाबाबत ते तितके निर्णायक नाही. व्यायामाचे अपायही नोंदलेले आहेत. ते प्रामुख्याने दोन गटांत आढळतात : वर्षानुवर्षे पराकोटीचा सराव करणारे खेळाडू, आणि सवय नसताना एकाएकी जोराचे श्रम करणारे लोक.

व्याख्या

शरीराच्या स्नायूंनी ऊर्जा खर्चून केलेली कोणतीही हालचाल म्हणजे शारीरिक हालचाल. तंदुरुस्ती वाढावी किंवा टिकावी या हेतूने, ठरवून आणि पुनःपुन्हा केलेली हालचाल म्हणजे व्यायाम. शेतात निंदणी करणारी स्त्री दिवसभर हालचाल करते, पण ती या अर्थाने व्यायाम करत नसते. हा भेद केवळ शाब्दिक नाही, हे पुढे ‘अंगमेहनत आणि व्यायाम’ या विभागात दिसून येईल.

तीव्रतेनुसार व्यायामाचे साधारणतः दोन वर्ग करतात. ज्यात श्वास वाढतो पण बोलता येते तो मध्यम तीव्रतेचा (उदा. भरभर चालणे), आणि ज्यात दोन-चार शब्दांपलीकडे बोलणे कठीण होते तो जोमदार (उदा. धावणे, चढावर सायकल चालवणे).

आयुर्वेदातील विचार

व्यायामाचा लाभ आणि अपाय या दोहोंचा एकत्र विचार भारतीय वैद्यकात फार पूर्वीपासून आढळतो. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात व्यायामाने शरीरास हलकेपणा, कामाची क्षमता, स्थैर्य आणि क्लेश सहन करण्याची शक्ती येते व अग्नी प्रदीप्त होतो, असे सांगितले आहे. लगेच पुढे अतिव्यायामाने तहान, क्षय, रक्तपित्त, खोकला, ज्वर आणि वांती हे विकार होतात, असेही म्हटले आहे. सुश्रुताने व्यायाम ‘अर्धशक्ती’पर्यंत, म्हणजे निम्मे बळ खर्च होईल इतकाच करावा, अशी मर्यादा घातली. वाग्भटाने अतिव्यायाम करणाऱ्यास हत्तीला ओढू पाहणाऱ्या आणि त्यातच नष्ट होणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. प्रमेहाच्या रोग्याने लांबवर पायी चालावे किंवा विहीर खणावी, हा सुश्रुतसंहितेतील उपचार मधुमेहाच्या आजच्या उपचारपद्धतीशी जुळणारा असल्याने वारंवार उद्धृत केला जातो. ही सर्व निरीक्षणे वैद्यांच्या अनुभवावर आधारलेली आहेत. आधुनिक अर्थाने मोजमाप त्यांत नाही.

नौकास्पर्धेचा वाद

जोरकस व्यायामाने हृदय थकते आणि आयुष्य घटते, अशी समजूत एकोणिसाव्या शतकातील युरोपात प्रचलित होती. ऑक्सफर्ड व केंब्रिज या विद्यापीठांतील वार्षिक नौकास्पर्धेत भाग घेणारे तरुण अल्पायुषी ठरतात, असे इंग्लंडमधील काही डॉक्टर जाहीरपणे म्हणत. जॉन एडवर्ड मॉर्गन या डॉक्टरने १८२९ ते १८६९ या काळात स्पर्धेत उतरलेल्या २९४ वल्हेकऱ्यांची माहिती जमवली आणि १८७३ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. विमा कंपन्यांच्या आयुर्मान-कोष्टकांशी तुलना करता हे वल्हेकरी सुमारे दोन वर्षे अधिक जगतात, असे त्याला आढळले. अर्थात विद्यापीठात शिकणारे, सुखवस्तू घरांतील आणि संघात निवडले जाण्याइतके धडधाकट तरुण सर्वसाधारण जनतेपेक्षा अधिक जगले, यात आश्चर्य नव्हते. मॉर्गनच्या पाहणीतील हीच उणीव पुढच्या शतकातील अनेक पाहण्यांतही राहिली.

लंडनच्या बसगाड्यांचा अभ्यास

या विषयाच्या आधुनिक अभ्यासाचा आरंभ जेरेमी मॉरिस (१९१०–२००९) या ब्रिटिश साथरोगशास्त्रज्ञापासून मानला जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने होणारे मृत्यू वाढत होते आणि त्यांचे कारण उमगत नव्हते. निरनिराळ्या व्यवसायांतील लोकांमध्ये या रोगाचे प्रमाण किती आहे, याची तुलना मॉरिस यांनी सुरू केली. लंडनच्या वाहतूक सेवेतील ३५ ते ६४ वयाच्या सुमारे ३१,००० पुरुष कर्मचाऱ्यांची १९४९ आणि १९५० या दोन वर्षांतील माहिती त्यांनी तपासली.

लंडनच्या दुमजली बसवर दोन माणसे असत. चालक पाळीचा जवळजवळ सर्व वेळ बसून असे. वाहक मात्र तिकिटे देण्यासाठी दिवसभर वरखाली करी. त्याच्या रोजच्या पायऱ्या ५०० ते ७५० भरत. दोघे एकाच सामाजिक थरातले, एकाच आस्थापनेचे नोकर, एकाच गाडीवर आणि एकाच रस्त्यावर काम करणारे होते. असे असूनही हृद्‌रोहिणी विकाराचे वार्षिक प्रमाण चालकांमध्ये दर हजारी २.७, तर वाहकांमध्ये १.९ निघाले. वाहकांना हा विकार उशिरा होई आणि झटक्यानंतर लवकर दगावण्याचे प्रमाणही त्यांच्यात कमी होते. पायी व सायकलने टपाल वाटणारे पोस्टमन आणि टपाल खात्यातीलच बैठे काम करणारे कर्मचारी यांच्यातही असाच फरक दिसला. हे निष्कर्ष ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १९५३ मध्ये प्रसिद्ध झाले.

निष्कर्षावर पहिली गंभीर शंका मॉरिस यांनी स्वतःच तपासून पाहिली. चालक आणि वाहक नोकरीत शिरतानाच वेगळे असतील तर? वाहतूक सेवेकडे कर्मचाऱ्यांच्या गणवेशाच्या मापांची नोंद होती. त्या नोंदींवरून १९५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात असे दिसले की, चालकांच्या विजारींची कंबर त्याच वयाच्या व उंचीच्या वाहकांपेक्षा मोठी होती, आणि हा फरक तरुण कर्मचाऱ्यांतही होता. म्हणजे स्थूल माणूस चालकाची जागा निवडत असावा आणि सडपातळ माणूस वाहकाची, ही शक्यता नाकारता येईना. साथरोगशास्त्राच्या अभ्यासक्रमांत बसगाड्यांचा अभ्यास आजही शिकवला जातो तो त्याच्या निष्कर्षाइतकाच या शंकेसाठी.

पुढे मॉरिस यांनी आपले लक्ष फावल्या वेळातील व्यायामाकडे वळवले. बैठे काम करणाऱ्या ब्रिटिश सनदी नोकरांच्या पाहणीत (१९७३), सुट्टीच्या दिवशी जोमदार व्यायाम करणाऱ्यांमध्ये हृद्‌रोहिणी विकाराचे प्रमाण इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी आढळले. येथे सर्वांची नोकरी सारखीच होती, त्यामुळे व्यवसायाच्या निवडीचा आक्षेप उरला नाही. प्रकृतीचा मात्र उरला.

गोदी कामगार आणि हार्वर्डचे माजी विद्यार्थी

अमेरिकेत राल्फ पॅफेनबार्गर यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या गोदीतील ६,३५१ कामगारांचा २२ वर्षे मागोवा घेतला (१९७५). मालाची चढउतार करणाऱ्या कामगारांत हृद्‌रोहिणी विकाराने होणारे मृत्यू हलकी कामे करणाऱ्यांपेक्षा कमी होते. त्यांचा अधिक गाजलेला अभ्यास हार्वर्ड विद्यापीठाच्या १६,९३६ माजी विद्यार्थ्यांचा आहे. चालणे, जिने चढणे आणि खेळ यांत आठवड्याला २,००० किंवा त्याहून अधिक किलोकॅलरी खर्च करणाऱ्यांचा मृत्युदर कमी हालचाल करणाऱ्यांपेक्षा एक चतुर्थांश ते एक तृतीयांशाने कमी होता, असे १९८६ च्या लेखात नमूद आहे.

या अभ्यासातील एक बाब विशेष उद्बोधक आहे. महाविद्यालयात असताना संघातून खेळलेल्या, परंतु नंतर व्यायाम सोडून दिलेल्या माजी खेळाडूंना कोणतेही संरक्षण मिळालेले दिसले नाही. याउलट, विद्यार्थिदशेत खेळाशी संबंध नसलेल्या, पण पुढे नियमित व्यायाम करू लागलेल्यांना ते मिळाले. तारुण्यात कमावलेले शरीर जन्मभर पुरते, या समजुतीला यामुळे मोठा धक्का बसला. तालीम सुटल्यावरही खुराक तसाच ठेवणाऱ्या मल्लांच्या प्रकृतीबद्दल महाराष्ट्रात जे बोलले जाते, त्याच्याशी हा निष्कर्ष सुसंगत आहे. ‘मुळात निरोगी तेच व्यायाम करतात’ या आक्षेपालाही त्यातून अंशतः उत्तर मिळते, कारण तरुणपणी सर्वांत धडधाकट असलेला गट म्हणजे खेळाडूंचाच होता.

निरीक्षण आणि प्रयोग यांतील अंतर

वरील सर्व अभ्यास निरीक्षणात्मक आहेत. लोक आपापल्या इच्छेने जसे वागतात तसे ते पाहायचे आणि पुढे कोणाला काय होते हे नोंदवायचे, अशी त्यांची रीत असते. व्यायाम करणारे लोक सरासरीने कमी धूम्रपान करतात, अधिक शिकलेले असतात आणि वैद्यकीय सल्ला अधिक पाळतात. आकडेशास्त्राने या गोष्टी वजा करता येतात, पण पूर्णपणे नाही. शिवाय सुप्तावस्थेतील आजारामुळे माणूस हालचाल कमी करतो आणि पुढे त्याच आजाराने मरतो. अशा वेळी कार्य आणि कारण यांची अदलाबदल होते.

यावर उपाय म्हणजे यादृच्छिक चाचणी : चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे लोकांचे दोन गट पाडायचे आणि एकालाच व्यायाम द्यायचा. मधुमेहाबाबत अशा चाचण्यांचे निकाल निःसंदिग्ध आहेत. अमेरिकेतील ३,२३४ व्यक्तींच्या चाचणीत (२००२), आठवड्याला किमान १५० मिनिटांची हालचाल आणि वजनातील घट यांमुळे मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले; मेटफॉर्मिन या औषधाने ते ३१ टक्क्यांनी घटले. चेन्नईतील डॉक्टरांनी केलेल्या भारतीय चाचणीत (२००६) रक्तशर्करा वाढू लागलेल्या ५३१ व्यक्ती होत्या. त्या अमेरिकी सहभागींपेक्षा सडपातळ होत्या आणि त्यांचे वजनही फारसे उतरले नाही. तरीही आहार व चालणे यांच्या सल्ल्याने मधुमेहाचा धोका २८.५ टक्क्यांनी कमी झाला. दोन्ही चाचण्यांत व्यायामाबरोबर आहारही बदललेला होता, हे लक्षात घ्यावे लागते.

वृद्धांच्या चालण्याफिरण्याच्या क्षमतेबाबतही पुरावा सबळ आहे. अमेरिकेत ७० ते ८९ वयाच्या १,६३५ बैठ्या व्यक्तींवर झालेल्या चाचणीत (२०१४) सुमारे अडीच वर्षांत सुमारे ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावणाऱ्यांचे प्रमाण व्यायामगटात ३०.१ टक्के, तर केवळ आरोग्यशिक्षण मिळालेल्या गटात ३५.५ टक्के होते. आतड्याच्या कर्करोगावरील उपचार संपलेल्या ८८९ रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत (२०२५) तीन वर्षांच्या मार्गदर्शित व्यायामाने रोग उलटण्याचे प्रमाण घटले. आठ वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण व्यायामगटात ९०.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ८३.२ टक्के होते.

सर्वसाधारण माणसाच्या आयुर्मानाबाबत मात्र प्रयोगांचे निकाल निरीक्षणांइतके भरघोस नाहीत. नॉर्वेतील त्रोंधेम येथे ७० ते ७७ वयाच्या १,५६७ नागरिकांवर पाच वर्षे चाललेल्या चाचणीत (२०२०) मार्गदर्शित व्यायाम करणारे आणि न करणारे यांच्या मृत्युदरात सांख्यिकीय फरक आढळला नाही. तुलनेसाठीच्या गटालाही सरकारी शिफारशींनुसार हालचाल करण्यास सांगितलेले होते आणि त्या गटातील बहुतेक जण मुळातच सक्रिय होते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. फिनलंडमधील जुळ्यांच्या अभ्यासांतही असाच अनुभव आला : सर्वसाधारण तुलनेत व्यायामी व्यक्ती अधिक जगतात, पण एकसारख्या जनुकांच्या जुळ्यांपैकी एक व्यायामी आणि दुसरा बैठा असेल, तर हा फरक कमी होतो किंवा दिसेनासा होतो. व्यायामाने आयुष्यात अमुक इतकी वर्षे वाढतात, अशी विधाने म्हणूनच सावधपणे वाचावी लागतात. आजार लांबणे व शरीराची कार्यक्षमता टिकणे याविषयीचा पुरावा त्याहून पक्का आहे.

शरीरातील परिणाम

नियमित व्यायामाने हृदयाच्या प्रत्येक ठोक्यागणिक अधिक रक्त पुढे ढकलले जाते आणि विश्रांतीच्या वेळी नाडी मंदावते. स्नायूंच्या पेशींतील तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया) वाढतात. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनशिवायही रक्तातील ग्लुकोज ओढून घेऊ शकतो; मधुमेहातील लाभाचे हे एक मुख्य कारण आहे. रक्तवाहिन्यांचे अस्तर अधिक नायट्रिक ऑक्साइड तयार करते आणि रक्तदाब उतरतो. भार पेलणाऱ्या व्यायामाने हाडांची झीज मंदावते.

निष्क्रियतेचा परिणाम किती झपाट्याने होतो, याचे उदाहरण म्हणून अमेरिकेतील डॅलस येथे १९६६ मध्ये झालेला प्रयोग दिला जातो. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवण्यात आले. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा असे दिसले की, तीन आठवड्यांच्या झोपण्याने त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता जितकी घटली होती, तितकी तीस वर्षांच्या वाढत्या वयानेही घटली नव्हती. सहभागींची संख्या अवघी पाच असली तरी रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर लवकर चालवण्याच्या प्रथेला या प्रयोगाने बळ दिले.

मात्रा

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार व्यायाम करावा आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम करावेत. ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी तोल सांभाळण्याचे व्यायाम, तर ५ ते १७ वयाच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटांची हालचाल सुचवली आहे.

लाभाचा आलेख सरळ रेषेत चढत नाही. ६,६१,१३७ व्यक्तींच्या माहितीच्या एकत्रित विश्लेषणात (२०१५) शिफारशीपेक्षाही कमी व्यायाम करणाऱ्यांचा मृत्युदर मुळीच व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा २० टक्क्यांनी कमी होता. शिफारशीइतका किंवा तिच्या दुपटीपर्यंत व्यायाम करणाऱ्यांत तो ३१ टक्क्यांनी आणि तिप्पट ते पाचपट करणाऱ्यांत ३९ टक्क्यांनी कमी होता. त्यापुढे लाभ वाढला नाही. म्हणजे सर्वांत मोठा फरक पडतो तो शून्यातून थोड्याकडे जाताना.

रोज दहा हजार पावले चालण्याचा लोकप्रिय संकेत वैद्यकातून आलेला नाही. जपानमध्ये १९६५ मध्ये विक्रीस आलेल्या ‘मानपो-केई’, म्हणजे ‘दहा हजार पावलांचे मापक’, या उपकरणाच्या नावातून तो रूढ झाला. अमेरिकेतील १६,७४१ वृद्ध स्त्रियांच्या पाहणीत (२०१९) सुमारे ४,४०० पावलांपासूनच मृत्युदरात ठळक घट दिसली आणि सुमारे ७,५०० पावलांनंतर ती स्थिरावली.

अतिव्यायाम

अत्यधिक व्यायामाने लाभ उलटतो का, हा या विषयातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रश्न आहे. कोपनहेगनमधील धावणाऱ्यांच्या एका पाहणीत (२०१५) सर्वांत जोरात आणि सर्वांत अधिक धावणाऱ्यांचा मृत्युदर बैठ्या लोकांइतकाच असल्याचे म्हटले होते आणि त्याला जगभर प्रसिद्धी मिळाली. त्या गटात अवघी काही डझन माणसे होती आणि मृत्यू दोनच झाले होते, ही बाब बातम्यांत क्वचितच आली. दोन मृत्यूंवरून कोणताही निष्कर्ष काढणे धाडसाचेच होते. वर उल्लेखिलेल्या साडेसहा लाखांच्या विश्लेषणात शिफारशीच्या दहापट व्यायाम करणाऱ्यांतही मृत्युदर ३१ टक्क्यांनी कमीच होता. ‘तूर द फ्रान्स’ या सायकल शर्यतीत १९४७ ते २०१२ या काळात उतरलेल्या ७८६ फ्रेंच सायकलपटूंचा मृत्युदर समवयस्क फ्रेंच पुरुषांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी आढळला. मॉर्गनच्या वल्हेकऱ्यांना लागू होणारा निवडीचा आक्षेप येथेही लागू आहे.

मृत्युदर वाढत नसला तरी काही विशिष्ट अपाय मात्र सिद्ध झाले आहेत. स्वीडनमधील वासालोपेत ही ९० किलोमीटरची स्कीइंगची शर्यत पूर्ण करणाऱ्या ५२,७५५ स्पर्धकांच्या अभ्यासात (२०१३), ज्यांनी अधिक वेळा आणि अधिक वेगाने शर्यत पूर्ण केली, त्यांच्यात हृदयाची लय बिघडण्याचे प्रमाण अधिक होते. त्यात मुख्यतः एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांचे अनियमित थरथरणे, हा विकार होता. दीर्घकाळ ताण सोसून हे कप्पे मोठे होतात, हे त्याचे संभाव्य कारण आहे. अनेक वर्षे कठोर सराव केलेल्या मध्यमवयीन पुरुषांच्या हृद्‌रोहिण्यांत कॅल्शियमचे थरही अधिक आढळतात. हे थर कठीण व स्थिर असल्याने कमी धोक्याचे आहेत, असे नेदरलँड्समधील संशोधनातून (२०१७) वाटले होते. बेल्जियममधील नंतरच्या अभ्यासाने (२०२३) त्या दिलाशाला दुजोरा दिला नाही. हा वाद अद्याप मिटलेला नाही.

पुरेसा आहार न घेता कठोर सराव केल्यास संप्रेरकांचे संतुलन ढळते, स्त्रियांची मासिक पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये या लक्षणसमूहाची ‘खेळातील सापेक्ष ऊर्जा-न्यूनता’ या आशयाच्या नावाने दखल घेतली. हा विकार पुरुष खेळाडूंनाही होतो.

व्यायामादरम्यान होणारे आकस्मिक मृत्यू

धावण्याचा पुरस्कार करणाऱ्या लोकप्रिय पुस्तकाचे अमेरिकी लेखक जिम फिक्स १९८४ मध्ये वयाच्या ५२ व्या वर्षी धावत असतानाच मरण पावले. व्यायाम जीवघेणा आहे, याचा पुरावा म्हणून त्यांचे उदाहरण आजही दिले जाते. शवविच्छेदनात त्यांच्या हृद्‌रोहिण्या मोठ्या प्रमाणात अरुंद झालेल्या आढळल्या. त्यांचे वडील ४३ व्या वर्षी हृदयविकाराने वारले होते, आणि धावणे सुरू करण्यापूर्वी फिक्स स्वतः स्थूल व धूम्रपान करणारे होते, हा तपशील सहसा सांगितला जात नाही.

जोरकस श्रमाच्या काळात आणि त्यानंतरच्या तासाभरात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका खरोखरच वाढतो. तो किती वाढतो, हे सवयीवर अवलंबून असते. अमेरिकेतील १,२२८ रुग्णांच्या अभ्यासात (१९९३) आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांत ही वाढ सुमारे अडीचपट, तर एरवी व्यायाम न करणाऱ्यांत शंभरपटीहून अधिक होती. मूळ धोका दर तासाला अत्यल्प असल्याने शंभरपट होऊनही तो लहानच राहतो. तरीही एकाएकी जोराचा व्यायाम सुरू करू नये, या सल्ल्यामागील आधार हाच आहे. अमेरिकेतील मॅरेथॉन व अर्धमॅरेथॉन शर्यतींत २००० ते २०१० या काळात धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख स्पर्धकांपैकी ५९ जणांचे हृदय शर्यतीदरम्यान किंवा शर्यत संपताच थांबले आणि त्यांपैकी ४२ दगावले. हृदयाचे स्नायू जन्मजात दोषामुळे जाड होणे आणि हृद्‌रोहिण्यांतील अडथळे ही त्यांची प्रमुख कारणे होती.

भारतात कोविड-१९ च्या साथीनंतर व्यायामशाळांत व खेळताना झालेल्या तरुणांच्या मृत्यूंमुळे हा विषय चर्चेत आला आणि त्याचा संबंध लसीशी जोडला गेला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने ४७ रुग्णालयांच्या साहाय्याने १८ ते ४५ वयोगटातील ७२९ आकस्मिक मृत्यूंचा अभ्यास केला (२०२३). लसीमुळे धोका वाढल्याचे त्यात आढळले नाही. कोविडसाठी पूर्वी रुग्णालयात दाखल व्हावे लागणे, कुटुंबातील आकस्मिक मृत्यूचा इतिहास, मृत्यूपूर्वीच्या ४८ तासांतील अतिमद्यपान, अमली पदार्थांचे सेवन आणि त्याच काळातील जोमदार शारीरिक श्रम यांच्याशी मात्र या मृत्यूंचा संबंध दिसला. श्रमाने छातीत दाटून येणे, भोवळ येणे, किंवा घरात कोणाचा तरुण वयात अचानक मृत्यू झालेला असणे, अशा स्थितीत जोमदार व्यायाम सुरू करण्यापूर्वी हृदयाची तपासणी करून घेण्याचा सल्ला डॉक्टर देतात.

सांधे

धावल्याने गुडघे झिजतात, ही समजूत सर्वत्र आढळते. अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात (२०१७) हौशी धावपटूंपैकी ३.५ टक्के, बैठ्या व्यक्तींपैकी १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक धावपटूंपैकी १३.३ टक्के जणांत गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला. गुडघ्याला पूर्वी झालेली दुखापत आणि स्थूलता ही झिजेची अधिक महत्त्वाची कारणे आहेत. संधिवात झालेल्या रुग्णांनाही मांडीच्या स्नायूंचे व्यायाम सुचवले जातात.

अंगमेहनत आणि व्यायाम

लंडनचे वाहक आणि सॅन फ्रान्सिस्कोचे गोदी कामगार यांना त्यांच्या कामातील श्रमाचा लाभ झाल्याचे दिसले होते. अलीकडच्या अभ्यासांचे चित्र याहून वेगळे आहे. कोपनहेगन परिसरातील १,०४,०४६ प्रौढांच्या पाहणीत (२०२१) फावल्या वेळातील हालचाल जितकी अधिक तितका मृत्युदर कमी, पण नोकरीतील अंगमेहनत जितकी अधिक तितका तो जास्त, असे आढळले. व्यायाम करणारा दमल्यावर थांबतो. मजुराला थांबता येत नाही. तासन्‌तास ओझे उचलल्याने रक्तदाब दिवसभर चढलेला राहतो आणि शरीराला सावरायला पुरेशी विश्रांती मिळत नाही, असे स्पष्टीकरण दिले जाते. कष्टकऱ्यांचे उत्पन्न, आहार आणि औषधोपचारांची उपलब्धता यांचाही यात वाटा आहे आणि तो पूर्णपणे वेगळा काढणे कठीण आहे. महाराष्ट्रातील ऊसतोड कामगार किंवा बाजार समित्यांतील हमाल यांच्या श्रमाला ‘आपोआप होणारा व्यायाम’ म्हणणे या निष्कर्षांच्या प्रकाशात योग्य ठरत नाही.

भारतातील स्थिती

महाराष्ट्रात तालमी व आखाड्यांची जुनी परंपरा आहे. जोर, बैठका, मल्लखांब आणि कुस्ती यांचे शिक्षण त्यांतून मिळे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, तर बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली दहा खंडांचा मराठी ‘व्यायाम ज्ञानकोश’ प्रसिद्ध झाला. ही परंपरा मुख्यत्वे तरुण पुरुषांची राहिली.

महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगड येथील १४,२२७ प्रौढांच्या पाहणीत (२०१४) ५४.४ टक्के लोक निष्क्रिय गटात मोडले. शहरांत हे प्रमाण ६५ टक्के, तर ग्रामीण भागात ५० टक्के होते. फावल्या वेळात खेळ किंवा व्यायाम करणारे १० टक्क्यांहूनही कमी निघाले. जगभरातील माहितीच्या एका विश्लेषणानुसार (२०२४) पुरेशी हालचाल न करणाऱ्या भारतीय प्रौढांचे प्रमाण २००० मध्ये २२.३ टक्के होते, ते २०२२ मध्ये ४९.४ टक्क्यांवर गेले. स्त्रियांत ते सुमारे ५७ टक्के आणि पुरुषांत ४२ टक्के आहे. घरकामाने स्त्रियांचा पुरेसा व्यायाम होतो, हा समज, पदपथांची व मोकळ्या मैदानांची उणीव आणि रस्त्यांवरील असुरक्षितता ही या तफावतीची कारणे सांगितली जातात.

शहरांतील दूषित हवा ही आणखी एक अडचण आहे, कारण व्यायाम करताना माणूस अधिक हवा आत घेतो. या संदर्भातील एका गणिती प्रारूपानुसार (२०१६), हवेतील सूक्ष्म कणांचे (पीएम २.५) वार्षिक सरासरी प्रमाण दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम असले, तर रोज दीड तासाहून अधिक सायकल चालवल्यावर अपाय लाभापेक्षा वरचढ होऊ लागतो, चालण्याच्या बाबतीत ही मर्यादा दहा तासांच्या पुढे जाते. रोज अर्धा तास चालणाऱ्याला इतक्या दूषित हवेतही घरी बसण्यापेक्षा चालणेच हितकर ठरते, असा या प्रारूपाचा निष्कर्ष आहे. दमा किंवा हृदयविकार असलेल्यांना आणि हिवाळ्यात प्रदूषण शिगेला पोहोचते त्या दिवसांना तो जसाच्या तसा लागू करता येत नाही. अशा वेळी घरातल्या घरात व्यायाम करण्याचा सल्ला दिला जातो.